गोलकीपरची हाक

"सोड!" मी ओरडलो, आणि दिगंबर साळोखेनं बॉल सोडण्याऐवजी असा काही हाणला की तो थेट माझ्या तोंडावर येऊन बसला. मी गुडघ्यांवर आलो. नाकातून रक्त यायला लागलं. वर बघतो तर हा कमरेवर हात ठेवून माझ्यावरच डोळे वटारून उभा.

"आडवा कशाला आलास?"

"सोड म्हटलं की तुला!"

"मग सोडला की."

"हाणलास लेका."

"सोड म्हंजी हाण. आनि काय असतंय?" तो म्हणाला, आणि आजूबाजूला बघून हसला. त्याच्या नंदीवेस तालमीची आणखी दोन पोरं होती, तीही हसली.

इंगवले कॉलेजच्या ग्राउंडवर सरावाची ही पहिलीच सकाळ होती. एकोणनव्वद सालचा ऑगस्ट. आमचे जिमखान्याचे माणगावे सर शिट्टी वाजवत पळत आले, माझं डोकं मागं करून नाक दाबून धरलं आणि विचारलं, "काय झालं?" आम्ही दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की खोटं कुणीच बोलत नव्हतं.

कोल्हापुरात पोरगं फुटबॉल शाळेत शिकत नाही, गल्लीच्या तालमीत शिकतं; तिथं कुस्तीइतकाच फुटबॉल चालतो. मी तोफखाना तालमीचा. आमच्याकडं गोलकीपर 'सोड' म्हणाला की बॉल त्याचा. पुढच्यानं पाय मागं घ्यायचा आणि वाट द्यायची. दिगंबर नंदीवेस तालमीचा. त्यांच्याकडं 'सोड' म्हणजे बॉल पायाजवळ ठेवू नकोस, लांब हाणून दे. दोन तालमींमध्ये अंतर म्हणाल तर तीन गल्ल्या आणि एक पिठाची गिरणी. शब्द एकच आणि अर्थ बरोबर उलटे, पण हे आजवर कुणाला कळायचं कारणच नव्हतं, कारण तोफखान्याचा आणि नंदीवेशीचा माणूस एका बाजूनं कधी खेळलाच नव्हता. त्या वर्षीच्या लीगमध्ये तर सेमीफायनल अर्ध्यावर बंद पडली होती. दगड, सोड्याच्या बाटल्या, दोन्हीकडची मिळून चौदा पोरं पोलीस चौकीत. तेव्हापासून एकमेकांच्या लग्नाला जाणंही बंद होतं.

आणि माणगावे सरांनी गोलमध्ये मला उभं केलं होतं आणि माझ्या पुढं बचावाला, स्टॉपर म्हणून, दिगंबरला.

"ऐका," सर म्हणाले. "गोलकीपरला सगळं ग्राउंड समोर दिसतंय. हाक त्याची चालणार. उदय 'सोड' म्हणाला की दिगंबर, तू पाय मागं घ्यायचास. 'मार' म्हणाला की मारायचास. डोकं चालवायचं नाही."

"म्हंजी तोफखान्याचं ऐकायचं?"

"कॉलेजचं ऐकायचं."

दिगंबरनं बाजूला थुंकून "बरं," म्हटलं. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. सराव संपल्यावर आम्हाला दोघांना शिक्षा दिली. रोज सकाळी बरोबर जाऊन कट्ट्यावर दूध प्यायचं. एकानं चुकवलं तर दोघांना दहा फेऱ्या.

कट्टा म्हणजे जिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात ती जागा. पहिले चार दिवस आम्ही एकमेकांकडं पाठ करून दूध प्यायलो. पाचव्या दिवशी माझ्या मिशीला लागलेला फेस बघून तो म्हणाला, "सरनोबत, म्हातारा झालास की." मी तोंड पुसलं. "नाव काय तुझं पुरतं?"

"उदय."

"घरात काय म्हणत्यात?"

"उद्या."

त्याला एवढं हसू आलं की पेल्यातलं दूध सांडलं. "आयला, बरं हाय की. कवा बी बोलवलं तर उद्या."

त्यानंतर तो मला कायम असाच छळायचा. "काय उद्या, आज येनार का उद्या?" मला राग यायला हवा होता, पण आला नाही. दिगंबर मला आवडायला लागला होता, हे आज सांगायला लाज वाटायचं कारण नाही. उंच, काळा, रुंद खांद्यांचा. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण मनात काही न ठेवणारा. मी एकुलता, बँकेत हेडक्लार्क असलेल्या बापाचा मुलगा, पुस्तकं आणि परसातले पेरू यांच्यात वाढलेला. तो दुपारी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत अर्धी पाळी करायचा. त्याचे वडील, आप्पा, तिथंच मोल्डर होते. तीस वर्षं साच्यांची वाळू भरली होती त्यांनी. एक डोळा भट्टीच्या ठिणगीनं गेला होता.

"आप्पाचं एकच म्हननं हाय," तो एकदा म्हणाला. "माझा हात काळा झाला, तुझा व्हायचा न्हाई."

"मग?"

"मग काय. इद्यापीठाच्या टीममधनं खेळलो की पोलिसात खेळाडूंच्या जागंवर घेत्यात. आमच्या गल्लीतला एक लागला तसा. माझं हे शेवटचं वरीस. औंदा नाव आलं तर आलं. न्हाई तर भट्टी हाय."

हे तो अगदी साधेपणानं बोलला, जेवायला काय आहे ते सांगावं तसं. मलाही विद्यापीठाच्या टीममध्ये जायचं होतं, पण मला फक्त तो निळा ब्लेझर हवा होता. तो घालून कॉलेजच्या जिन्यावरून खाली यायचं, एवढंच माझं स्वप्न होतं.

सप्टेंबर संपेपर्यंत आमचं जुळून गेलं. मी "सोड" म्हणायचो आणि धावत्या माणसाचा उचललेला पाय हवेतल्या हवेत थांबायचा. हे सोपं नाही. लहानपणापासून जो शब्द ऐकला की लाथ घालायची, तोच ऐकून लाथ आवरायची. पहिले काही दिवस त्याच्या तोंडावर ते दिसायचं. नंतर दिसेनासं झालं. विभागीय सामन्यांत चार मॅचमध्ये आम्ही एकही गोल खाल्ला नाही. सर आम्हाला 'कुलूप आणि कडी' म्हणायला लागले.

तालमीत मात्र हे रुचलं नव्हतं. आमच्या तोफखान्याचे बाजीराव अण्णा, ज्यांच्या शब्दाबाहेर गल्लीत पान हलायचं नाही, त्यांनी मला बोलावून विचारलं, "नंदीवेशीच्या पोराबरोबर दूध पितोस म्हणं?"

"सरांची शिक्षा आहे, अण्णा."

"शिक्षा दोन म्हैने चालती व्हय रं?"

मी हसून वेळ मारून नेली. आम्ही कट्ट्यावर वेगवेगळ्या बोळांतून जायचो आणि वेगवेगळ्या बोळांतून परतायचो. दिगंबरलाही त्याच्या लोकांनी ऐकवलं असणार. तो मला कधी बोलला नाही.

आणखी एक गोष्ट होत होती आणि ती मला कळत नव्हती. रोज सकाळी दूध झाल्यावर तो गल्लीतल्या बारक्या पोरांना शिकवायला पुन्हा ग्राउंडवर यायचा, आणि मी त्याच्याबरोबर बसायचो. तो कडेला उभा राहून ओरडत असायचा, "सोड! सोड की! कवळून काय बसलाईस?" पोरं बॉल लांब हाणायची. बसून बसून मीही ओरडायला लागलो. पोरं माझं ऐकून हाणायची आणि दिगंबर म्हणायचा, "बग, आला की नंदीवेशीत." चहाला मी 'च्या' कधी म्हणायला लागलो ते आमच्या आईनं टोकलं तेव्हा कळलं. बाकीचं टोकायला कुणी नव्हतं.

फायनल ऑक्टोबरमध्ये होती, गावातल्याच दुसऱ्या कॉलेजशी. आदल्या दिवशी सरांनी आम्हाला जिमखान्यात बोलावून सांगितलं, "विद्यापीठाचे निवड समितीचे लोक बघायला येणार आहेत. आपल्या कॉलेजातून ते दोन नावं घेतील असं मला वाटतंय. तुम्ही नेहमीसारखं खेळा. दिगंबर, तुझं तर मी पक्कंच धरून चाललोय."

बाहेर आल्यावर दिगंबर म्हणाला, "आप्पा येनार हाय उद्या बघाय. पाळी टाकून. जल्मात पैल्यांदा."

समोरच्या कॉलेजचा फॉरवर्ड जांभळे होता, नंदीवेस तालमीचाच. त्यामुळं अख्खी नंदीवेस त्यांच्या बाजूनं आली, आणि नंदीवेस तिकडं म्हणून अख्खा तोफखाना आमच्या बाजूनं. कॉलेजची पोरं कुठं दिसतच नव्हती. दोन्हीकडं हलगी. इतका आवाज की सरांची शिट्टी सोडाच, स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. निवड समितीचे तिघं मांडवाखाली टेबल टाकून बसले होते. आप्पा कुठल्याच घोळक्यात नव्हते. कॉर्नरच्या झेंड्याजवळ एकटेच उभे होते, डोक्याला टोपी, अंगात फाउंड्रीचाच खाकी शर्ट.

दिगंबर त्या दिवशी जसा खेळला तसं मी नंतर कुणाला खेळताना पाहिलं नाही, आणि मी पुढं बरंच पाहिलं. जांभळेला त्यानं हलू दिलं नाही. नंदीवेशीची माणसं त्याला घरच्या नावानं हाक मारून शिव्या देत होती. "दिग्या, कुनाचं मीठ खाल्लंस?" तो ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. सामना शून्य-शून्य होता आणि पाच मिनिटं उरली होती.

तेव्हा मधल्या वर्तुळातून एक उंच बॉल आला. टप्पा पडून तो आमच्या दोघांच्या मध्ये उसळला. मी पुढं निघालो होतो. दिगंबर तोंड गोलकडं करून मागं पळत होता आणि जांभळे त्याच्या खांद्याला खांदा लावून. दोन पावलं टाकल्यावर मला दिसलं, मी पोचत नाही. बॉल दिगंबरच्या जवळ आहे, त्यानंच तो बाजूला लांब हाणायला हवा. मी थांबलो. मला 'मार' म्हणायचं होतं.

मी "सोड!" म्हणून ओरडलो, रोज सकाळी बारक्या पोरांना ओरडायचो तसा.

दिगंबरचा उजवा पाय मागं गेलेला होता, पुरता ताणलेला. त्यानं तो आवरला. दोन महिने आवरला तसाच, डोकं न चालवता. बॉल त्याच्या पायापुढून घरंगळत गेला. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि जागचा हललो नाही. जांभळे त्याला वळसा घालून आला आणि चालत चालत बॉल गोलमध्ये नेऊन ठेवला.

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्यात. काय चुकलं ते विचारत होता.

सामना संपला तेव्हा नंदीवेस ग्राउंडवर घुसली. त्यांनी जांभळेला खांद्यावर घेतलं, आणि मग त्यांच्यातल्या चौघांनी दिगंबरलाही उचललं. "शाब्बास रं वाघा! शेवटाला तालमीचा झालास!" तो हातपाय झाडत होता, खाली उतरवा म्हणत होता. कुणीतरी त्याच्या तोंडाला मूठभर गुलाल फासला. आमच्या बाजूनं चपला आल्या. आणि मांडवातले तिघं उभे राहून हे सगळं बघत होते.

बाजीराव अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझी काय चूक न्हाई बाळ. अख्ख्या ग्राउंडनं बघितलंय. पाय मागं घेतला त्यानं, जांभळ्यासाठी."

हलगीच्या आवाजात माझी हाक दिगंबरशिवाय कुणी ऐकली नव्हती. मी अण्णांना काहीच बोललो नाही. वाटलं, आता नको, इथं नको, सरांना निवांत सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आम्हाला दोघांनाच जिमखान्यात बोलावलं. टेबलावर एक कागद होता. सर रात्रभर झोपले नसावेत.

"समितीनं मला विचारलंय," ते म्हणाले. "त्यांना दोन्ही नावं हवी होती. आता दिगंबरबद्दल त्यांना शंका आहे. मी लिहून दिलं की ती चूक होती, ठरवून केलेलं नव्हतं, तर ते माझं ऐकतील. पण मला ते खरं असल्याशिवाय लिहिता येणार नाही." मग दिगंबरकडं वळले. "पाय का मागं घेतलास?"

"हाक आली, सर. सोड म्हनून."

सर माझ्याकडं वळले. "उदय, तू हाक दिलीस?"

हो म्हणायला काय लागतं? मी पूर्ण तयारीनं आलो होतो. पण त्या कागदावर माझं नावही होतं, पहिलंच, आणि मला एकदम लख्ख दिसलं की हो म्हटलं तर चूक माझी होते. चुकीची हाक देणारा आणि दोन हात अंतरावर बॉल असताना खांबासारखा उभा राहणारा गोलकीपर कोण घेईल? तोफखान्यात काय तोंड दाखवणार? हा सगळा विचार मी एका श्वासात केला असं आज म्हणतो. त्या वेळी मी फक्त कागदावरचं ते नाव बघत होतो.

"नाही, सर," मी म्हणालो.

दिगंबर माझ्याकडं बघत राहिला. मी टेबलाकडं बघत राहिलो. खिडकीबाहेर कुणीतरी एकटंच भिंतीवर बॉल मारत होतं. सर थांबले होते, त्यानं भांडावं म्हणून, माझी गचांडी धरावी म्हणून. त्यानं तसं केलं असतं तर मी बोललो असतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

"मग नसंल दिली," दिगंबर म्हणाला. "मलाच भास झाला आसंल."

आणि तो उठून गेला.

कागद तीन दिवसांनी जायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात आप्पा आले. आई त्यांना ओळखत नव्हती. ते आत यायला तयार नव्हते. चपला काढून पायरीवर बसले आणि टोपी गुडघ्यावर ठेवली. त्यांच्या नखांत काळी वाळू होती.

"तुमी सरनोबतांचं पोरगं न्हवं?" ते मला अहोजाहो करत होते. "दिगंबर तुमचं लई नाव घेतो. उदय असं म्हनला, उदय तसं म्हनला."

"बसा ना आप्पा, वर खुर्चीवर बसा."

"न्हाई, हितंच बरं हाय. एक इचारायचं हुतं." त्यांनी आपला चांगला डोळा माझ्यावर रोखला. "पोरगं दोन दिस झालं जेवलेलं न्हाई. मी बी न्हाई. त्याला इचारलं तर काय बोलत न्हाई. गल्लीतली मानसं येऊन नारळ देऊन गेली, पेढं देऊन गेली. तालमीचं नाव राखलंस म्हनत्यात. त्यानं पेढं गटारीत टाकलं. आता मला सांगा, तुमी मागं हुता. सगळ्यांत जवळनं तुमीच बघितलंय. माझ्या पोरानं ते मुद्दाम केलं काय?"

मी म्हणालो, "आप्पा, खेळात असं होतं कधी कधी."

"व्हतंय की. पन त्यानं केलं काय?"

"मला... मला नीट दिसलं नाही."

"दिसलं न्हाई?"

"गडबडीत होतो मी."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. एवढं कुणी माझ्याकडं बघितलेलं नाही. मी घामानं भिजलो होतो आणि माझी मान वर होत नव्हती. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. ते वरून धरून पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "सुखी ऱ्हावा." आणि टोपी घालून गेले.

ठरल्या दिवशी कागद गेला. त्यावर माझं एकट्याचं नाव होतं. मला ब्लेझर मिळाला, आणि पुढं त्याच जोरावर बँकेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळाली. ऑफिसर झालो आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. दिगंबर त्यानंतर कॉलेजातही आला नाही आणि तालमीतही गेला नाही. नंदीवेशीनं त्याचा सत्कार ठेवला होता, तो फिरकला नाही. फाउंड्रीत पूर्ण पाळीवर लागल्याचं कळलं. मी त्या रस्त्यानं जाणं सोडून दिलं. गाव लहान आहे, पण टाळायचं ठरवलं तर पस्तीस वर्षं टाळता येतं.

गेल्या वर्षी नंदीवेस तालमीला शंभर वर्षं झाली. आता दोन तालमींमधलं वैर थंडावलंय. नव्या पोरांना ते ठाऊकही नाही. विद्यापीठाकडून खेळलेला जुना खेळाडू म्हणून त्यांनी पाहुणा म्हणून मलाच बोलावलं. रविवारी सकाळचा कार्यक्रम होता. व्यासपीठावर बसल्यावर मला खाली दुसऱ्या रांगेत दिगंबर दिसला. केस पांढरे, खांदे तसेच. त्याचाही सत्कार होता, यादीत त्याच्या नावापुढं लिहिलं होतं, 'एकोणनव्वदच्या फायनलमध्ये तालमीशी इमान राखणारा.'

ते वाचल्यावर माझ्यानं राहवलं नाही. माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी लिहून आणलेलं बाजूला ठेवलं आणि सगळं सांगितलं. हाक मी दिली होती. चुकीची दिली होती. त्यानं फक्त सरांनी ठरवून दिलेलं ऐकलं. आणि सरांनी विचारल्यावर मी खोटं बोललो. बोलणं संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांनी उठून माईक घेतला. "बघा, याला म्हणतात मोठं मन. तोफखान्याचा माणूस आमच्या माणसासाठी दोष अंगावर घेतोय." लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी नाही नाही म्हणत राहिलो. त्यांना तो विनय वाटला.

कुणीही विश्वास ठेवला नाही. पस्तीस वर्षांत गोष्ट इतकी पक्की झाली होती की खरं त्यात मावत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर दिगंबर मांडवाच्या कडेला माझी वाट बघत उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो आणि हात जोडले. त्यानं ते धरून खाली केले.

"कशाला रं एवढ्या मानसांत?" तो म्हणाला. "काय गरज हुती?"

"सांगायला हवं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"ज्येला सांगायचं त्येला सांगितलंसच की तवा."

मला कळेना. "कुणाला?"

"आप्पाला," तो म्हणाला. "तुज्या घरी आलेला की. घरी येऊन म्हनला, उदयला इचारून आलोय. हाक त्यानंच दिलती म्हनला. पोरगं भ्यालंय, चारचौघांत बोलायचं न्हाई, पन माझ्याजवळ खरं बोललं." त्यानं माझा खांदा धरला. "माझा राग तितंच गेला बग. सरांफुडं न्हाई बोललास, चाललं. गाव काय बी म्हनूंदे. म्हाताऱ्याला ठावं हुतं की. मरस्तवर त्यानं तुझं नाव घेतलं, लई सज्जन पोरगं म्हनायचा."

लोक येऊन माझ्याशी हात मिळवत होते. मी यांत्रिकपणे हात देत होतो. आप्पा पायरीवर बसून माझ्याकडं बघत होते ते मला दिसलं, आणि माझ्या खाली घातलेल्या मानेवरून त्यांनी तिथून काय नेलं होतं तेही कळलं. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. एक शब्दही नाही.

दिगंबर माझ्याकडं बघत होता, हसत होता. मला तोंड उघडायचं होतं.

"जेवले का रे ते त्या दिवशी?" मी विचारलं.

"जेवला की. दोगं बी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या त्यानं."

"मग बरं झालं," मी म्हणालो.